गाडीखालचा लाल डाग

१

चिमणाबाई किंचाळल्या तेव्हा आक्का धाकट्या भावाच्या, सयाजीच्या दारात रिक्षातून उतरत होत्या. शिवाजी पेठेत किंचाळण्याचं कुणाला फारसं अप्रूप नाही. फुटबॉलच्या मोसमात तर घराघरातून किंकाळ्या येतात. पण आक्कांची सारी नोकरी पोलिसात गेलेली. फौजदार होऊन निवृत्त झाल्या, अंगावरची खाकी उतरली, कानाची सवय काही उतरली नाही. ही किंकाळी गोल हुकल्याची नव्हे, भ्यालेल्या बाईची आहे, हे त्यांनी पिशवी सावरता सावरताच ओळखलं. पिशवीत भावजयीनं फोनवरून मागितलेलं सामान होतं: रवा, हळद, सुकं खोबरं.

"वन्सं, बगा की हे! रगात!"

अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली सयाजीची पांढरी गाडी वर्षानुवर्षं उभी असायची. आज तिथं गाडी नव्हती. फरशीवर धुण्याच्या पावडरीचा फेस होता, फेसात चिमणाबाईंचा खराटा होता आणि खराट्याखाली ताटाएवढा लालभडक डाग.

आक्का गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. बोट लावलं, हुंगलं.

"रगात न्हाय हे. ह्याला नुसता साबणाचा वास येतोय."

"मग कुंकू असंल. कुणीतरी करणी केलीया गाडीवर. आधीच ती तापून तापून हैराण, त्यात आणि ह्ये!"

"चिमणे, करणी करणारा आधी लिंबू ठेवतोय. लिंबू दिसतंय का कुठं?"

लिंबू नव्हतं. पण आक्कांना दुसरंच काहीतरी दिसलं. डागाची भिंतीकडची कड कोरडी होती, खराटा तिथवर पोचला नव्हता. ती कड लाल नव्हती, मळकट पिवळी होती. आक्कांनी ते पाहिलं आणि खात्यातल्या सवयीनं तोंड मिटून घेतलं.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गलका झाला. सयाजीची गाडी परत येत होती, पण स्वतःच्या बळावर नाही. मागून तालमीची पोरं आणि इमाम शिंपी ढकलत होते, बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती, आणि आत स्टिअरिंग धरून सयाजी मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा ताठ बसला होता. गाडी शेडखाली आली तसा तो उतरला आणि बहिणीकडे न बघताच म्हणाला, "आक्का, संपलं बग. रविवारी हुपरीच्या येशीपतूर तरी गेलती. आज शेवटचं म्हणून फिरवून आणावी म्हटलं, तर रंकाळासुदीक दिसला न्हाय."

"रविवारपासनं कुणी चालवली हिला?"

"कोण चालवणार? किल्ली माझ्या खिशात. हिथंच उभी हाय."

आक्कांनी वाफाळत्या गाडीकडे बघितलं, मग लाल डागाकडे बघितलं.

"सयाजी, चालवून गाडी बिघडती हे मला कळतंय. उभ्या उभ्या कशी बिघडली? ही आजारी पडली न्हाय. हिला कुणीतरी काहीतरी केलंय."

२

सयाजीचं सारं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं. एका साखर कारखान्याच्या चेअरमनची जीप त्यानं केस पांढरे होईपर्यंत चालवली आणि निवृत्त होताना ही जुनी गाडी घेतली. दर रविवारी तो चिमणाबाईंना त्यांच्या आईकडे हुपरीला न्यायचा. म्हातारी नव्वदीला टेकलेली, अंथरुणावरून लेकीची वाट बघायची. चिमणाबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते. पुढच्या सीटवर इमाम, मागे चिमणाबाई आणि पानसुपारीचा डबा, असा हा लवाजमा निघायचा. बाकीचे सहा दिवस सयाजी गाडी पुसायचा. निवृत्त माणसाला कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटायला एवढं पुष्कळ होतं.

पण दिवाळीपासून गाडी तापायला लागली. कधी ठिपक्यांनी पाणी गळायचं, कधी तापमानाचा काटा वर चढायचा. तुळशीचं लग्न उरकून सगळे विश्वजितसाठी मुलगी बघायला गडहिंग्लजला गेले, तर मुलीच्या दारातच बॉनेटमधून वाफ निघाली. मुलीच्या बापानं पाहुण्यांना चहा द्यायच्या आधी गाडीला घागर दिली. मुलीकडून पुन्हा काही निरोप आला नाही. विश्वजित सयाजीचा एकुलता एक मुलगा, शाहूपुरीत एका वाहतूक कंपनीच्या ऑफिसात नोकरीला, फटफटीवरून ये-जा करणारा. त्या दिवशी घरी येऊन तो भांडी हलतील एवढ्या आवाजात म्हणाला होता, "आप्पा, परत एकदा ही तापली तर इकायची!" आणि सयाजीही बापच. "दिला शब्द," म्हणाला.

मग गेल्या रविवारी हुपरीच्या वेशीवर गाडी उकळली. सयाजीनं शब्द फिरवला नाही, त्याच्या घराण्यात ती पद्धत नव्हती. विश्वजितनं शाहूपुरीतल्या राजवर्धन नावाच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला फोन केला. राजवर्धन आज संध्याकाळी येणार होता. त्याच्यासमोर फरशी स्वच्छ दिसावी म्हणूनच चिमणाबाई सकाळी खराटा घेऊन बसल्या होत्या.

"गाडी गेली तर दुसरी भाड्यानं घेता यील की," आक्का सहज म्हणून गेल्या.

सयाजी हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "चिमणीला हुपरीला न्ह्यायला भाड्याचा ड्रायवर, आणि मी घरात टीव्हीम्होरं? व्हय, तसंबी जगत्यात की लोकं."

धाकटा भाऊ असा बोललेला आक्कांनी कधी ऐकला नव्हता. गाडी गेली तर हा माणूस खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

"राजवर्धन यायला येळ हाय. तोवर तू गाडी तपास, मी माणसं तपासतो," त्या म्हणाल्या. पेठेतल्या बायकांसारख्या आक्काही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. फौजदारीत तर ते अधिकच शोभून दिसायचं. "गाडी कुलपात हुती न्हवं?"

सयाजीनं मान खाली घातली. "डाव्या दाराचं कुलूप कवाच गेलंय. नुसतं उचलून ओढलं की उघडतंय, मग आतनं बॉनेटचा खटका ओढता यितोय. पण हे भायेरच्याला कुणाला ठावं न्हाय."

म्हणजे जे काही झालं ते घरच्या नाहीतर घरच्यासारख्याच कुणीतरी केलं होतं.

३

गाडी गार होईपर्यंत कुणी रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, असा सयाजीचा हुकूम होता. गरम झाकण उघडणाऱ्या एका क्लीनरचं तोंड कसं भाजलं हे त्यानं सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितलं. मग एकेका भागाची चौकशी सुरू झाली. इंजिन तापायला संशयित तसे थोडेच असतात, आणि सयाजी त्यांना नावानिशी ओळखत होता.

पंखा फिरत होता, पट्टा घट्ट होता, पंपाचा आवाज नीट होता. तेलाची पट्टी काढून त्यानं बोटावर थेंब घेतला. गॅस्केट फाटून तेलात पाणी मिसळलं असतं तर ते दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. हे काळंच होतं. "गॅस्केट सुटलं," सयाजी म्हणाला, आणि सुटलं म्हणजे निर्दोष सुटलं हे आक्कांना बरोबर कळलं.

इंजिन गार झाल्यावर थर्मोस्टॅट काढून तो स्वयंपाकघरात घेऊन आला. ही बारकीशी झडप, इंजिन गरम झालं की आपोआप उघडून पाणी रेडिएटरकडे सोडते. ती अडकली तर इंजिन उकळतं. सयाजीनं ती दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडली.

"माझं पातेलं!" चिमणाबाई ओरडल्या.

"गप्प बस. चौकशी चाललीया."

तिघं पातेल्यात डोकावून उभे राहिले. पाण्याला बुडबुडे आले आणि झडपेनं हळूच तोंड उघडलं.

"ह्योबी निर्दोष," सयाजी खिन्नपणे म्हणाला आणि ओली झडप घेऊन बाहेर गेला.

आक्का मागेच राहिल्या. पिशवीतली हळदीची पुडी त्यांनी ओट्यावर ठेवली.

"चिमणे, वर्साची हळद तू पाडव्याला भरून ठेवतीस. डबा फुडच्या पाडव्यापतूर पुरतोय. आत्ताशी मार्गशीर्ष लागलाय. हळद संपली कशी?"

चिमणाबाईंचा हात पातेलं घासता घासता थबकला. "पावणं-रावणं लई आलं ह्या साली."

"कोण आलतं?"

"आलतं की कोण कोण." आणि त्या पातेलं इतक्या जोरात घासू लागल्या की पुढचं बोलणं त्या आवाजातच बुडालं. चिमणाबाईंना खोटं बोलता येत नाही, हे त्यांच्या नणंदेला लग्नापासून ठाऊक होतं.

इमामचं शिलाईचं दुकान समोरच होतं. पेठेतल्या फुटबॉल संघांच्या जर्सी तो शिवायचा. तो आणि सयाजी एकाच तालमीत लहानाचे मोठे झाले. आक्का स्टुलावर बसल्या तेव्हा तो तळहातावर तंबाखूला चुना लावून मळत होता.

"इमाम, सयाजीची गाडी जाणार म्हंत्यात."

"नाव काढू नगा आक्का. घास उतरंना झालाय." त्यानं तंबाखू दाढेखाली ठेवली. त्याच्या अंगठ्याला आणि तर्जनीला लालसर रंग चढला होता.

"बोटं लाल कशानं झाली?"

"हे व्हय? जर्सीचा रंग लागलाय. कच्चा कपडा असतोय आजकाल."

आक्कांनी दुकानभर नजर फिरवली. मशिनवर निळं कापड, खुंटीवर निळ्या-पांढऱ्या जर्सी, खाली निळ्या चिंध्या. लाल चिंधी औषधालाही नव्हती.

"रविवारी गाडीत तू नसलास तर सयाजीला करमत न्हाय," आक्का उठता उठता म्हणाल्या.

"आणि मला?" इमाम पुटपुटला आणि त्यानं मशिनचं चाक उगाचच फिरवलं.

दुपारी विश्वजित अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. फटफटी लावून त्यानं आधी गाडीकडे बघितलं, मग गाडीखाली आडव्या पडलेल्या बापाच्या पायांकडे बघितलं.

"आत्ती, तुम्ही तरी सांगा त्यांना. ह्या वयात गाडीखाली काय झोपायचं? संध्याकाळी ती जाणारच हाय की."

"तुला लई घाई झालीया."

"व्हय, झालीया!" तो तडकला. "कुणाला तरी व्हायला पायजे!"

तो पाय आपटत आत गेला. तारेवर त्याचे ऑफिसचे पांढरे शर्ट वाळत होते. एका शर्टाची उजवी बाही आक्कांनी उलटून बघितली. बाहीवर कफापासून कोपरापर्यंत गुलाबी-लाल पट्टा उमटला होता.

"काल घातलाता," आतून चिमणाबाई म्हणाल्या. "साबण लावला तसा आणिकच लाल झाला बगा. आमटीत हात बुडवून जेवतोय काय की पोरगा."

आक्का त्या ओल्या बाहीकडे बघत उभ्या राहिल्या. ऑफिसच्या डब्यात आमटी नसते, आणि कोपरापर्यंत आमटीत हात घालून जेवणारा माणूस त्यांनी नोकरीत असतानाही पाहिला नव्हता. त्यांच्या मनात एकेक गोष्ट जागच्या जागी बसू लागली, आणि जसजशी बसू लागली तसतसं त्यांना हसू आवरेना.

"सयाजी!" त्यांनी हाक मारली. "भायेर ये. सगळ्यांना बोलाव. चोर सापडला."

४

शेडखाली सगळे जमले. सयाजी हात पुसत उभा राहिला, इमाम दाराच्या चौकटीला टेकला, चिमणाबाई पदराशी चाळा करत होत्या आणि विश्वजित कुणाकडेही न बघता फटफटीच्या आरशात बघत होता.

"आधी तू सांग," आक्का सयाजीला म्हणाल्या. "तुझा तपास कुठवर आला?"

"झडप बसवली, पाणी भरलं, इंजिन जरा चालवून बघितलं. काटा चढाय लागला तसं बंद केलं. पंखा बंद करून रेडिएटरला हात लावला. वरनं चटका बसतोय आणि खालनं थंडगार हाय. वरचं पाणी खाली येतच न्हाय. रेडिएटर आतनं तुंबलाय." त्यानं डोकं खाजवलं. "पाणी जरा पिवळं दिसलं. म्हटलं गंज असंल. पण गंजानं एवढं तुंबाय वर्षं जात्यात. ह्येला हप्ता लागलाय."

"हप्त्यात तुंबवंल असं काय असतंय घरात?"

आक्कांनी ओट्यावरची पुडी आणली होती. त्यातली चिमूटभर हळद त्यांनी तळहातावर घेतली.

"इमाम, चुन्याची डबी दे."

इमामनं डबी दिली, पण देताना त्याचा चेहरा उतरला. आक्कांनी नखभर चुना हळदीत कालवला, दोन थेंब पाणी टाकलं आणि बोटानं मळलं. पिवळी हळद सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक झाली.

"कुंकू असंच करत्यात, हे घरातल्या समद्यांना ठावं हाय. हळदीला चुना लागला की ती लाल हुती. साबण लागला तरी हुती. चिमणीनं साबण टाकून फरशी घासली तसा डाग लाल झाला, आणि जिथं साबण गेला न्हाय तिथं पिवळाच ऱ्हायला. गाडीतनं जे गळतंय त्यात हळद हाय, सयाजी. तुझ्या रेडिएटरात कुणीतरी हळद घातलीया."

"हळद?" सयाजी खुळ्यासारखा बघत राहिला. "माझ्या रेडिएटरात?"

"आता माणसं सांगतो. चिमणे, वर्साची हळद मार्गशीर्षात का संपली?"

चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मागल्या शनवारी टाकली मी. गळताना बघवंना. रविवारी आईकडं जायचं, आणि वाटंत तापली तर हे शब्दाला जागून गाडी इकत्याल म्हणून भ्या वाटलं. वाटीभर टाकली. तरी ठिपकं पडतच हुतं, म्हणून आणि वाटीभर, परत वाटीभर, डब्याचा तळ दिसंपतूर..." पुढचं बोलणं हुंदक्यात गेलं.

"आता इमाम. बोटं जर्सीच्या रंगानं लाल झाली म्हणालास. दुकानात समदं निळं हाय. तुझ्या बोटांना हळद लागलीती, आणि वर तू चुना मळलास."

इमामनं कान पकडले. "आज पहाटं टाकली, आक्का. नमाजाला जाताना. म्हटलं सया शेवटचा फिरवतोय, निदान आज तरी तापू नये. काटा गप ऱ्हायला असता, तर विश्वाला म्हटलं असतं की पोरा, गाडी बरी हाय, इकू नगं. मुठीनं टाकली."

सयाजी पायरीवर बसला. "माझ्याच माणसांनी मारली म्हणा की हिला." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. "पण आक्का, हिनं शनवारी, ह्यानं आज. मूठभर हळदीनं एका सकाळी एवढी न्हाय तुंबायची. मधल्या दिसांत काय?"

"मधल्या दिसांतला अजून बोलला न्हाय," आक्का म्हणाल्या, आणि त्यांची नजर फटफटीच्या आरशाकडे वळली.

५

"मी कशाला टाकीन?" विश्वजित म्हणाला. "मीच इका म्हणतोय. राजवर्धनला मीच बोलावलंय."

"म्हणून तर तुझा संशय सगळ्यात आधी आला," आक्का म्हणाल्या. "गाडी बिघडावी असं वाटणारा ह्या घरात तू एकटाच. पण बिघडवायचं असतं तर माणूस माती टाकतोय, साखर टाकतोय. गळती थांबावी म्हणून हळद टाकणारा बिघडवणारा नसतोय, दुरुस्त करणारा असतोय. तुझी बाही तारेवर हाय. आमटीचा डाग कोपरापतूर जात न्हाय. काल सकाळी बॉनेट उघडून, हात आत घालून, पुडी रिकामी करताना लागला तो."

सयाजी पोराकडे बघत राहिला.

"तू?" तो म्हणाला. "तू तर डोकं खाल्लंस माझं, इका इका म्हणून."

विश्वजितनं आरसा सोडला. बोलताना त्याचा आवाज मोठाच होता, पण त्यातला राग कुठल्या कुठे गेला होता.

"रविवारी फोन आला म्हणून मी फटफटीवरनं आलतो. लांबनं बघितलं. तुम्ही रस्त्याच्या कडंला दगडावर बसलासा, आणि आईनं तुमच्या डोक्यावर पदर धरलाता. ट्रक जाईल तसा धुरळा अंगावर. मला बघवलं न्हाय, आप्पा. म्हणून म्हटलं इका. मग आठवडाभर तुम्ही जेवताना एक शब्द बोलला न्हाईसा. सकाळी उठून गाडी पुसायचा, पुसून झाली की परत पुसायचा. तेबी मला बघवंना." त्यानं नाक ओढलं. "म्हटलं गळती थांबली तर राजवर्धनला नको म्हणून सांगता यील. दुकानातनं मोठी पुडी घेतली. सगळी टाकली."

"तिघांनीबी हळदच का टाकली पण?" सयाजी वैतागला. "आणि एवढी? वाटीवर वाटी, मूठभर, पुडीच्या पुडी? कुणी सांगितलं तुम्हांस्नी?"

तिघंही त्याच्याकडे बघू लागले. आक्कांना आता मात्र हसू आवरलं नाही.

"चौथा गुन्हेगार ह्यो बसलाय पायरीवर," त्या म्हणाल्या. "फोंडा घाटात चेअरमनच्या जीपचा रेडिएटर फुटला, तू हाटेलातनं हळद मागून घेतलीस, टाकलीस आणि गळती थांबवून जीप कोल्हापुरात आणलीस. ही गोष्ट तू दर लग्नात, दर बारशात सांगतोस. खरं सांग, सयाजी. त्या दिवशी किती हळद टाकलीस?"

सयाजीनं बोटांची चिमूट करून दाखवली. "चिमूटभर," तो म्हणाला.

"आणि माझ्या नातवाच्या बारशात?"

"... शेरभर."

इमाम आधी हसला. मग चिमणाबाई रडता रडता हसल्या. मग विश्वजित. सयाजीनं थोडा वेळ रागावून बघायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमलं नाही.

"आणि तिघांच्या हळदीनं गळती का थांबली न्हाय, हे काही मला कळंना," आक्का म्हणाल्या. "ते तूच बघ. तुझ्या खात्यातलं काम हाय ते."

सयाजी गाडीखाली गेला. रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीची पकड त्यानं बोटांनी हलवली, आणि ती नुसती गोल गोल फिरली. क्लिप ढिली होती, एवढंच. रेडिएटरला भोकच नव्हतं. पाणी नळीच्या तोंडातून ठिपकत होतं. नसलेलं भोक बुजवायला तिघांनी एकमेकांच्या चोरून हळद ओतली. ठिपके थांबले नाहीत, म्हणून प्रत्येकाला वाटलं, अजून कुणी काही केलेलंच नाही.

६

मग सगळ्यांनी मिळून रेडिएटर धुतला. सयाजीनं खालची नळी काढली, नळाचा पाइप खालून लावला आणि पाणी उलट्या दिशेनं सोडलं. वरच्या तोंडातून आधी पिवळं पाणी आलं, मग दाट पिवळा गाळ आला, मग गुठळ्या आल्या. "लग्नाची हळद चाललीया गाडीची," इमाम म्हणाला. पाणी निर्मळ येईपर्यंत सयाजीनं पाइप बंद करू दिला नाही. सगळं पाणी निथळून गेल्यावर विश्वजितनं दुकानातून आणलेली नवी क्लिप बसवली, नवं हिरवं कूलंट भरलं. सयाजीनं गाडी सुरू केली आणि सगळे काट्याकडे डोळे लावून बसले. काटा मध्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. काटा हलला नाही. चिमणाबाईंनी तेवढ्यात गाडीला ओवाळलं, पण कुंकू लावायचं धाडस काही त्यांना झालं नाही.

राजवर्धन सांगितल्या वेळी आला. मोठा गोड बोलणारा माणूस. बॉनेट उघडून आत डोकावला, रस्त्यावर एक फेरी मारून आला आणि खूश होऊन म्हणाला, "विश्वजितराव, गाडी तापती म्हणालासा, ही तर एकदम ओके हाय की! मी घेतो."

सगळे सयाजीकडे बघू लागले. सयाजीनं खिशातून किल्ली काढली.

"सयाजी, अरे बरी झाली की ती," आक्का म्हणाल्या.

"बरी झाली आक्का. पण सकाळी तापलीती. परत तापली तर इकायची, असा शब्द दिलाता. कारण काय बी असू दे. शब्द तो शब्द." त्याचा हात पुढे झाला, पण बोटं किल्लीवरून सुटेनात. आक्कांना वाटलं, आयुष्यभर गुन्हेगार पकडले, पण ह्या माणसाला त्याच्याच तावडीतून कसं सोडवावं, हे काही आपल्याला शिकवलं नाही.

विश्वजित पुढे आला आणि त्यानं बापाच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"शब्द कुणाला दिलता, आप्पा?"

"तुला."

"मग मी सोडला." तो राजवर्धनकडे वळला. "पावणं, माफ करा. गाडी इकायची न्हाय. आलाय तसं च्या घेऊन जावा."

राजवर्धन शाहूपुरीतला व्यापारी, माणसांची तोंडं बघून धंदा करणारा. त्यानं एकदा बापाकडे बघितलं, एकदा पोराकडे बघितलं आणि चहा घेऊन तो मुकाट्यानं गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चिमणाबाई पानसुपारीचा डबा घेऊन मागे बसल्या, आक्का त्यांच्याशेजारी. इमाम पुढचं दार उघडायला गेला, तर सयाजी त्याच्या आधी डाव्या बाजूला येऊन उभा होता.

"तू मागं बस आज," तो इमामला म्हणाला. मग हाक मारली, "विश्वा, ये. किल्ली तुझ्यापाशी हाय न्हवं?"

विश्वजित दारात थांबला. त्याचं लायसन कित्येक वर्षं पाकिटात होतं, मित्रांच्या गाड्या त्यानं चालवल्या होत्या, पण ह्या गाडीच्या स्टिअरिंगला बापानं त्याला कधी हात लावू दिला नव्हता. तो उजव्या बाजूला बसला. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा आचका बसून इमामचं डोकं छताला लागलं. आक्का भावाकडे बघत राहिल्या. सयाजीचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता, पण तोंडातून त्यानं चकार शब्द काढला नाही.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना उसाचं रान लागलं, गुऱ्हाळाचा वास आला, पुढं एका मळ्यात कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. सयाजीनं खिडकीची काच खाली केली आणि हाताची घडी घालून बाहेर बघू लागला.

"आप्पा, काटा बघतायसा न्हवं?" विश्वजितनं घाबरत विचारलं.

"तू बघ काटा. चालवणाऱ्यानं बघायचा असतोय."

थोड्या वेळानं रस्त्याकडेला एक विहीर आणि तिच्याशेजारी चांगलं वाढलेलं आंब्याचं झाड आलं. सयाजी मान वळवून त्या झाडाकडे दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.

"चिमणे," तो म्हणाला, "हिथं आंबा हाय हे तू मला कधी बोलली न्हाईस."

"दर रविवारी बघतो की मी," चिमणाबाई म्हणाल्या. "तुम्ही चालवत हुतासा."